मदत हवी आहे: टॉर्च रिपोर्टमध्ये सीएमव्ही पॉझिटिव्ह, ११वा आठवडा

ऐरोलीला राहते, दुसऱ्यांदा प्रेग्नंट. काल रात्री साडेदहाला लॅबवाल्यांनी व्हॉट्सॅपवर टॉर्चची (प्रेग्नन्सीत बाळाला बाधू शकणाऱ्या इन्फेक्शन्सची रक्ततपासणी) पीडीएफ टाकली, सीएमव्ही व्हायरसपुढे आयजीजी (कधीतरी लागण झाल्याची खूण) पॉझिटिव्ह आणि आयजीएमपण (ताज्या लागणीची खूण), तो आकडा ठळक अक्षरात, बास, त्यानंतर झोप नाही. गायनॅक म्हणाल्या एवढ्यावरून काही ठरत नाही, लागण जुनी की नवी ते सांगणारी अ‍ॅव्हिडिटी टेस्ट करून घ्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गूगल केलं तर बाळाला ऐकू न येणं वगैरे वाचून हातपायच गार पडले. मला तापबिप काहीच आला नव्हता हो.

मोठा अडीच वर्षांचा, प्लेग्रुपला जातो. त्याच्या ताटलीतला उष्टा वरणभात मीच संपवते, टाकवत नाही ना. वर अर्धं चघळलेलं बिस्कीट "आई आ कर" म्हणत माझ्या तोंडात कोंबतो. त्यातून आलं असेल का? सासूबाई खालच्या मांजरीला दोष देतायत. औषध असतं का काही? आणि त्याला जवळ घेऊ की नको?

खाडीकाठची:
मांजर निर्दोष आहे, ती टॉक्सोवाली (टॉक्सोप्लाझ्मा, ते वेगळं इन्फेक्शन), टॉर्चमधला 'टी'. सीएमव्ही माणसाकडूनच येतो, लाळ, लघवी यातून, आणि लहान मुलं स्वतः ठणठणीत असून महिनोन्महिने तो सोडत असतात. माझंही सेम झालेलं, घोडबंदरला राहायचो तेव्हा. अ‍ॅव्हिडिटी हाय आली म्हणजे लागण तीनेक महिन्यांहून जुनी, तुझ्या ११व्या आठवड्याच्या हिशोबाने दिवस राहायच्या आधीची. आयजीएम कधीकधी बरेच महिने रेंगाळतं, कधी उगाचच पॉझिटिव्ह येतं. जुन्या लागणीतूनही बाळापर्यंत पोचतं, पण क्वचित. लो आली तर मात्र वेळ न घालवता फीटल मेडिसिनवाल्यांकडे (पोटातल्या बाळाचे स्पेशालिस्ट) जा, व्हॅलासायक्लोव्हिर या व्हायरसवरच्या औषधाचं विचार. तेव्हाही साधारण तिघींपैकी एकीच्याच बाळाला लागण होते, आणि त्यातलीही बहुतेक बाळं व्यवस्थित असतात.

डिलिव्हरीनंतर बाळाच्या लघवीची पीसीआर (व्हायरस शोधणारी टेस्ट) २१ दिवसांच्या आतच करायची, नंतर केली तर पोटातच लागण झाली की बाहेर आल्यावर ते कळत नाही. बाळाला त्रास दिसला तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध देतात, सहसा सहा महिने, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून मध्ये मध्ये रक्त तपासत. लागण निघाली तर कान मात्र पुढची काही वर्षं तपासत राहायचे, सुरुवातीला ठीक असले तरी.

मुलाला जवळ घे गं! पापी कपाळावर, डायपर बदललास की साबणाने हात, उष्टं बंद.

धागाकर्ती:
थँक्यू ताई. आज वाशीला सॅम्पल दिलं. उष्टं मी सोडलंय, तो कुठे सोडतोय, बिस्कीट घेतलं नाही म्हणून मगाशी रडून झोपला.