१७ वर्षांच्या मुलाला ‘मोठा’ धरून केस चालवायची हे ठरवतं कोण?

गल्लीतली_ताई: आमच्या गल्लीतल्या पोराचं नाव मारामारीत आलंय, समोरचा पोरगा दवाखान्यातच वारला बिचारा. हा सतरा वर्षं चार महिन्यांचा. त्याची आई कालपासून आमच्याकडे बसून आहे, चहासुद्धा घेत नाही. कुणी म्हणतं तीन वर्षांत सुटेल, कुणी म्हणतं कायदा बदलला, फाशी होईल. खरं काय?

फौजदारी_वकील: ताई, आधी त्यांना सांगा, फाशी नाही. सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. निर्भयानंतर कायदा बदलला, जानेवारी २०१६ पासून लागू. गुन्ह्याच्या दिवशी वय १६ पूर्ण असेल आणि गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा असेल तरच ‘मोठा’ धरायचा प्रश्न येतो. खुनात येतो, पण नुसत्या खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा नाही म्हणून तिथे सहसा येत नाही; किमान शिक्षेचं हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल केसमध्ये सांगितलं. पुण्यातल्या पोर्शे केसमध्येही लोक कितीही चिडलेले असले तरी बाल न्याय मंडळाने, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळाने, जुलै २०२५ मध्ये पोराला मोठा धरायचा पोलिसांचा अर्ज फेटाळलाच. इथे खुनाचं कलम लागलं असेल तर मंडळ मुलाची प्राथमिक तपासणी करेल, परिणाम कळण्याची कुवत होती का, कुठल्या परिस्थितीत घडलं वगैरे. मंडळाने ‘मोठा’ धरायचं म्हटलं तर केस सेशन कोर्टातल्या बाल न्यायालयात जाते, ते परत स्वतः विचार करतं. मंडळाच्या ऑर्डरवर अपील आहे, ३० दिवसांत, तेवढं चुकवू नका.

समुपदेशक_मावशी: पकडलेल्या मुलांना केस चालू असताना ठेवतात त्या निरीक्षणगृहात मी जाते. ती तपासणीच सगळ्यात नाजूक. एक पोरगा खाली मान घालून अंगठ्याचं नख कुरतडत प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होता, मी मुद्दाम विचारलं आज रविवार आहे का, त्यालाही ‘हो’. होता मंगळवार! अशा ‘हो’वरून ‘त्याला सगळं समजत होतं’ असं लिहिलं गेलं तर? म्हणून मानसशास्त्रज्ञाची मदत मागायला वकिलांना सांगाच, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर भर दिलाय. आणि आईला म्हणावं परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या घरची माहिती काढणारे) घरी आले की काही लपवू नका, शाळा कधी सुटली, बाप पितो का, सगळं सांगा, तो अहवाल मंडळापुढे जातो.

गल्लीतली_ताई: शिक्षा झालीच तर लगेच मोठ्यांच्या जेलात?

फौजदारी_वकील: नाही. २१ पर्यंत वेगळ्या सुरक्षित जागी ठेवतात, मग न्यायालय बघतं सुधारलाय का, त्यावर सुटका नाहीतर जेल. आता दहावीचं सर्टिफिकेट शोधा, वय त्यावरच ठरेल. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उद्याच जा.

गल्लीतली_ताई: सर्टिफिकेट सापडलं, गादीखाली होतं. सकाळी मीच जाते तिच्याबरोबर.