रेशनवर ज्वारी: अडचण वाटपाआधीची आहे

रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी द्या, ही मागणी रास्तच आहे. अन्नसुरक्षा कायद्यात (2013) भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून आहे, प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो. अडतं ते सरकारी खरेदीत. 2025-26चा हमीभाव मालदांडी ज्वारीला क्विंटलला 3749 रुपये. पण सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून केलेली पिकाची) नोंद नसेल, तर खरेदी केंद्रावर माल घेतच नाहीत. ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला तरी परत. म्हणून मळणीनंतर ज्वारी कडक वाळवूनच पोती भरा. ओलसर माल बंद गोदामात तापतो, सोंडे लागतात, नि तीच ज्वारी गरिबाच्या ताटात येते. हे चालणार नाही!

पीठ मात्र वाटू नये, धान्यच द्यावं. ज्वारीचं पीठ आठ-पंधरा दिवसांत विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना तुटते, मग लोक पुन्हा गव्हाकडे वळतात.

आणि बियाणं. परभणी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी लोह-जस्तासाठीच निवडलेली आहे. मराठवाड्यात रक्तक्षयाच्या बायका गावोगाव असताना खरेदीत तिला वेगळा, चढा भाव का नसावा? कडब्याचा हिशोब धरला तरी निव्वळ हमीभावावर शेतकरी ज्वारीसाठी सोयाबीन-हरभरा सोडणार नाही.