गाडी स्वच्छ, पण कुपवाडच्या भट्टीचा धूर कुणाच्या खात्यात मांडायचा?

कुपवाडचा भट्टीवाला:
मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, ऑडिटला दोन साहेब आले होते. एका मोठ्या गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या कारखान्याकडून आले होते. आमचं कास्टिंग (ओतलेला भाग) त्यांच्याकडे जातं, तिथं मशीनिंग होऊन पुढं कंपनीत. आयएसओ 14001 चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थेचं, प्रमाणपत्र बघितलं, साच्यातल्या जळक्या वाळूचं रजिस्टर बघितलं, धुराड्याचा रिपोर्ट बघितला. पुढच्या वर्षीपासून कार्बनचा हिशोबही द्यायचा म्हणाले. मी विचारलं, मग किलोमागे दर किती वाढवून देणार? "ते परचेसला विचारा." परचेसचा, म्हणजे त्यांच्या खरेदी खात्याचा, मेल त्याच आठवड्यात येऊन पडला होता. दोन टक्के दर कमी करा.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय. गाडी कंपन्यांचं पर्यावरणाचं काम खोटं आहे असं मी म्हणत नाही. टोयोटाचंच बघा (आमचा माल तिकडं जात नाही). 1997 च्या डिसेंबरात त्यांनी जपानमध्ये प्रियस ही पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी आणली, तेव्हा हायब्रिड हा शब्द आपल्याकडं बियाण्याला वापरायचे. 2015 च्या ऑक्टोबरात त्यांनी 2050 पर्यंतची सहा उद्दिष्टं जाहीर केली. पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे : नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन 2010 च्या मानानं 90 टक्क्यांनी खाली आणायचा. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं. गाडीच्या जन्मापासून भंगारात जाईपर्यंतचा सगळा कार्बन शून्यावर आणायचा. आता गाडीचा जन्म कुठं होतो? लोखंड वितळतं तिथं.

आपल्या जिल्ह्याला हे परकं नाही. 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर (आजची किर्लोस्करवाडी) लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, लोखंडी नांगर ओतले. त्याच घराण्याचा उद्योग पुढं बंगळूरजवळच्या बिडदीत टोयोटाचा भागीदार झाला. म्हणून सांगलीच्या माणसानं हा प्रश्न विचारायलाच हवा. गाडीच्या नळकांड्यातून काय निघतं ते मोजून जाहिरात करायची, आणि ओतकामाची जागा सुधारायचा खर्च मात्र आम्ही सोसायचा, हे मला मान्य नाही. तो खर्च दरात धरत नाही त्या कंपनीला मी स्वच्छ म्हणणार नाही.

मिरजकर:
दादा, तुमची चीड समजते. पण हिशोब चुकतोय. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी आयुष्यात दीड लाख किलोमीटर धावली आणि लिटरला 15 चं ॲव्हरेज धरलं, तर 10 हजार लिटर पेट्रोल, म्हणजे 23 टन. गाडीत तुमचं कास्टिंग 100 किलो धरू. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागं साधारण 600 युनिट वीज लागते. वाया जाणारं, परत वितळवायचं लोखंड धरलं तरी त्या 100 किलोमागं शंभर युनिटच्या वर जात नाही. आपल्या देशात एका युनिटमागं सुमारे 0.7 किलो कार्बन पडतो. म्हणजे तुमच्या भट्टीचे 70 किलो आणि नळकांड्याचे 23 हजार किलो. आधी कुठं हात घालायचा?

म्हणून कंपनीचा पैसा आणि डोकं गाडीवरच लागलं पाहिजे, आणि तेही विजेच्या गाडीवर. हायब्रिडचं कौतुक मला पटत नाही. पेट्रोल तर जळतंच.

तासगाव ते चाकण:
मिरजकर, हिशोब मांडलाच आहे तर पुढंही न्या. विजेची गाडी एका युनिटला 7 किलोमीटर जाते असं धरलं तर 0.7 च्या हिशोबानं किलोमीटरला 100 ग्रॅम. चांगली हायब्रिड लिटरला 20 देते, म्हणजे 115 ग्रॅम. शिवाय मोठी बॅटरी बनवताना निघणारा कार्बन वेगळा. आजच्या कोळशाच्या विजेवर फरक फार थोडा आहे.

मिरजकर:
आजच्या विजेवर! पण गाडी पंधरा वर्षं वापरायची असते. कोयनेचे 1,960 मेगावॅट आहेत, साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या आणि आपल्या ढालगावच्या पवनचक्क्या आहेत, माझ्या घरावर सोलर आहे. वीज दरवर्षी सुधारत जाणार आणि तीच गाडी उभ्या उभ्या स्वच्छ होत जाणार. पेट्रोलचं इंजिन जन्मताना जेवढं चांगलं असतं त्याहून चांगलं कधीच होत नाही.

आणि दादा, राग मानू नका, पण विजेच्या गाडीत इंजिन ब्लॉक नसतो, इंजिनाला जोडलेला धुराचा मॅनिफोल्ड नसतो; हे दोन्ही ओतकामाचे भाग. हायब्रिडमध्ये दोन्ही असतात. तुमच्या मतात तुमचं पोट आहे.

कुपवाडचा भट्टीवाला:
आहे ना. लपवलं कुठं? चाळीस घरं चालतात या भट्टीवर. पण मी हायब्रिडची बाजू घेतलीच नाही, उदाहरण दिलं. विजेच्या गाडीलाही ब्रेक लागतात, सस्पेन्शन लागतं, त्यातही ओतकाम आहे.

तुमचा 70 किलोचा हिशोब बरोबर आहे, तो मी मान्य करतो. उलट मीच एक भर घालतो. कोकचा कपोला (कोळशाच्या कोकवर चालणारी जुनी उभी भट्टी) बंद करून आम्ही इंडक्शन घेतली तेव्हा कार्बन फारसा कमी झाला नाही. कपोल्यात लोखंडाच्या 10 ते 15 टक्के कोक जळायचा, आता तेवढाच कार्बन कोळशाच्या वीज केंद्रातून निघतो. पण शेडमधला काळा धूर आणि गंधकाचा वास गेला. शेजारच्या वस्तीत वाळत घातलेले कपडे आता काळे होत नाहीत. हा फायदा तुमच्या कार्बनच्या कोष्टकात कुठंच दिसत नाही.

वाळूचंही तसंच. माझे वडील तीस वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, होते. शेकआउटची (साचा फोडतानाची), फेटलिंगची (कास्टिंग घासतानाची) धूळ त्यांच्या छातीत बसली. सिलिकाची धूळ एकदा बसली की निघत नाही. शेवटची दोन वर्षं जिना चढता येत नव्हता. ते किती ग्रॅम धरायचं, सांगा.

वारणाकाठ:
आवो दादा, तुमी दोघं पेट्रोल आन् विजेवरच भांडायलाय. उसाचं काय? 29 ऑगस्ट 2023 ला दिल्लीत गडकरी साहेबांनी टोयोटाचीच इनोव्हा दाखवली न्हवं का, इथेनॉलवर चालणारी, वर हायब्रिडबी. प्रयोगाची गाडी हुती, पर रस्ता बरोबर हाय. उसानं हवेतला कार्बन घेतला, तोच जळून परत हवेत गेला. पैसा अरबांना न जाता वाळव्याच्या शेतकऱ्याला आला. यापेक्षा स्वच्छ गाडी कुठली?

जतची लेक:
भाऊ, तुमच्या उसाला नदी जवळ आहे. आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं, कृष्णेचं पाणी मोटारींनी टप्प्याटप्प्यानं उचलून येतं, आणि आलं की तेही उसालाच जातं. आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्या पाण्यावर डाळिंब, ज्वारी, जनावरांचा चारा किती निघाला असता! पाणी उचलायची वीज, खत, ट्रॅक्टरचं डिझेल हे सगळं इथेनॉलच्या खात्यात मांडा आणि मग स्वच्छ म्हणा. शिवाय लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. टाकी लवकर रिकामी होते ते उगाच नाही.

वारणाकाठ:
ताई, मळीपास्नं बी इथेनॉल हुतंय, त्याला येगळं पाणी लागत न्हाई. पर पाण्याचं तुमचं खरं हाय. त्यावर मी भांडत न्हाई.

तासगाव ते चाकण:
मूळ प्रश्नाकडं येतो. मी एका गाडी कंपनीत क्वालिटीला आहे. भट्टीवाले दादा, कंपनीच्या चांगुलपणाकडून तुम्ही फार अपेक्षा ठेवताय. 1 एप्रिल 2020 ला गाड्यांच्या धुराच्या सरकारी नियमांत आपण बीएस 4 वरून एकदम बीएस 6 वर गेलो. डिझेल कारच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली, इंधनातलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50) 10 वर. कुणी आपणहून केलं? कायदा होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तारखेनंतर बीएस 4 विकू दिली नाही, म्हणून झालं. कायदा असूनही फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या धुराचं 2015 मध्ये काय निघालं ते जगानं पाहिलं : चाचणीत वेगळं, रस्त्यावर वेगळं.

आयएसओ 14001 सुद्धा एवढंच सांगतं की कारखान्यात पर्यावरणाची व्यवस्था आहे. हवा किती स्वच्छ पाहिजे, तो आकडा त्यात नाही. त्यामुळं मागणी सरकारकडं करा. फौंड्रीच्या धुळीचे, वाळूचे नियम सगळ्यांना सारखे लावा, आपोआप दर वाढतील. एकट्या आमच्या कंपनीनं वाढवले तर गिऱ्हाईक शेजारच्या शोरूममध्ये जाईल.

कुपवाडचा भट्टीवाला:
किती रुपयांसाठी जाईल, तेही बोलू. वाळू धुऊन-भाजून परत वापरायची यंत्रणा आणि धूळ ओढणारी यंत्रणा, दोन्हींचा हप्ता मी काढलाय. आमच्या उत्पादनावर किलोला साधारण एक रुपया पडतो. मिरजकरांनीच गाडीत 100 किलो धरलंय. म्हणजे गाडीमागं शंभर रुपये. दहा लाखांच्या गाडीत सीटकव्हरवर माणूस त्याच्या कितीतरी पट खर्च करतो. शंभर रुपयांसाठी गिऱ्हाईक शोरूम बदलत नाही, साहेब. आणि नियम येऊ देत, मी त्याच्या आड नाही. पण नियम आल्यावरही परचेसचा तोच दोन टक्क्यांचा मेल येणार असेल तर इथल्या निम्म्या फौंड्र्या बंद पडतील आणि ओतकाम जिथं कुणी बघत नाही तिथं जाईल. मग धूर कमी झाला म्हणायचा का?

मिरजकर:
शंभर रुपयांचा आकडा मला माहीत नव्हता. गाडीवर पैसा लागावा हे माझं मत कायम आहे, पण हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत हे कबूल.

तासगाव ते चाकण:
दादा, एक करा. हा रुपया किलोच्या दरात मिसळू नका. मिसळला की तो दोन टक्क्यांत वाहून जातो. कोटेशनमध्ये वाळूचा पुनर्वापर आणि धूळ नियंत्रण अशी वेगळी ओळ टाका, हप्त्याचा कागद जोडा. आमच्याकडं वेगळी ओळ खोडायची तर खोडणाऱ्याला कारण लिहून सही करावी लागते. बऱ्याच जणांना ती सही नको असते.

कुपवाडचा भट्टीवाला:
सोमवारी नवीन पार्टचं कोटेशन जायचंय. त्यात घालतो. काय उत्तर येतं ते इथंच लिहीन.