एनिग्माचा आवाज नेमका कुणाचा? सँड्राचा की क्रेटूचा?

कातरवेळ:
परवा एका मित्राशी एनिग्मावरून कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "जादू सगळी मायकेल क्रेटूची. बाई काय, कुणीही चालली असती." मला हे काही केल्या पटेना, म्हणून इथे मांडते.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एनिग्मा म्हणजे क्रेटूने चालवलेला संगीतप्रकल्प. त्याचा पहिला अल्बम १९९०चा, स्पेनच्या इबिझा बेटावरच्या स्टुडिओत केलेला. संगीत रुमानियात जन्मलेल्या, जर्मनीत नाव कमावलेल्या क्रेटूचं. आवाज त्याची तेव्हाची बायको सँड्राचा.

मी ते पहिल्यांदा होस्टेलवर ऐकलं, मैत्रिणीच्या वॉकमनवर, दिवे घालवल्यानंतर. त्यातलं 'सेडनेस' हे गाणं सुरू होतं पुरुषांच्या लॅटिन समूहगानाने. मग तो संथ, झुलता ठेका, बासरीची एक फुंकर, आणि मग ती. ती गात नाहीच. मार्क्वी द सादला, म्हणजे कामुक आणि क्रूर लिखाणासाठी बदनाम झालेल्या जुन्या फ्रेंच लेखकाला, फ्रेंचमध्ये प्रश्न विचारते, तेही अर्ध्या श्वासात. मला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, तरी मानेवर काटा आला. शब्द संपतो आणि हवा उरते, ती हवाच मी पुन्हा पुन्हा रिवाइंड करून ऐकायचे. आवाजात इतकी जवळीक असू शकते हे मला तेव्हा कळलं. अशा बाईला "कुणीही चालली असती" म्हणायचं?

फेडर:
तुमच्या मित्राचा सूर उद्धट आहे, पण मुद्दा बरोबर आहे. सँड्राचं १९८५चं 'मारिया मॅग्डालेना' ऐका. निर्माता क्रेटूच, गळा तोच, आणि गाणं म्हणजे चांगलं, ठसठशीत डिस्को-पॉप. मानेवर काटा वगैरे काही येत नाही. फरक पडला तो तिला गाऊ न देण्याच्या निर्णयामुळे. समूहगान म्युनिकच्या एका गायकवृंदाच्या १९७६च्या रेकॉर्डवरून उचललेलं. ती बासरी म्हणजे इम्युलेटर सॅम्पलरमधला (ध्वनिमुद्रित आवाज साठवून वाजवणारं यंत्र) शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीचा तयार आवाज, त्या काळात कितीतरी जणांनी वापरलेला. सगळी फुलं दुसऱ्यांच्या बागेतली असली तरी माळ ओवणारा हात एकच.

कातरवेळ:
मग त्या हाताने पुढेही तशीच माळ ओवायला हवी होती. २००७मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. २००८चा अल्बम काढून ऐका. हात तोच, सँड्रा नाही. मला तो अल्बम रिकाम्या घरासारखा वाटतो.

झावळी:
मी वसईचा, ख्रिस्ती. माझं म्हणणं तुम्हा दोघांनाही कदाचित आवडणार नाही.

त्या गाण्याच्या सुरुवातीचे लॅटिन शब्द झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणूक निघताना म्हणायचे आहेत. शांतीने पुढे जाऊ या, ख्रिस्ताच्या नावाने, असा त्यांचा अर्थ. आता डोळ्यांपुढे आणा: हातात झावळी, शेजारी आजी, उन्हात उभी माणसं. त्याच शब्दांवर बाईचे मादक सुस्कारे चढवले की मला कसं वाटत असेल? सँड्राचा आवाज सुंदर आहे हे कबूल. पण प्रार्थनेच्या खांद्यावर बसून त्याला उंची आणली आहे.

ओवी:
झावळी, तुमचं दुखणं खरं आहे. तरी एक म्हणते. शृंगार आणि भक्ती आपण कुठे वेगळी ठेवली? ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये चंदनाची चोळी अंग पोळते, फुलांची शेज आगीसारखी भाजते, आणि हे सगळं विठ्ठलासाठी. वारकरी ते टाळ वाजवत गातात. देहाची ओढ आणि देवाची ओढ एकाच गळ्यातून येऊ शकते.

झावळी:
विराणीतली ओढ तिच्या स्वतःच्या भक्तीतून येते, ओवीताई. इथे प्रार्थना एकाची, ओढ दुसऱ्याची, आणि आधी विचारलंसुद्धा नाही. त्या गायकवृंदाच्या बाजूने दावा झाला आणि भरपाई द्यावी लागली, ते उगाच नाही.

फेडर:
हे मात्र मान्य. विचारायला हवं होतं.

जुनी कॅसेट:
विचारण्याचा विषय निघालाच आहे तर दिफांगचं नाव घ्या. तैवानच्या आमिस जमातीचा शेतकरी गायक. त्याने आणि त्याची बायको इगाय हिने १९८८मध्ये पॅरिसमध्ये आपल्या लोकांचं गाणं गायलं, त्याचं ध्वनिमुद्रण झालं. तेच क्रेटूने एनिग्माच्या 'रिटर्न टु इनोसन्स' या गाण्यात वापरलं. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रचारातही ते वाजलं, आणि श्रेय शून्य. १९९८मध्ये त्यांनी दावा लावला, १९९९मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे नाव लागलं. दिफांग २००२मध्ये गेला. सँड्राला निदान जग ओळखत तरी होतं.

कातरवेळ:
दिफांगबद्दल मला माहीत नव्हतं. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल आणि तो म्हातारा आवाज कुणाचा, हा प्रश्न एकदाही पडला नाही. याचं वाईट वाटतंय. पण त्यामुळे सँड्राचा हक्क कमी होत नाही, उलट माझा मुद्दा पक्काच होतो. गळा दुसऱ्याचा आणि नाव एकट्या क्रेटूचं, हेच मी सांगतेय.

फेडर:
काल रात्री हेडफोन लावून पहिला अल्बम पुन्हा ऐकला, तुम्ही म्हणता ती हवा शोधत. सापडली. शब्दाच्या शेवटी ओठ मिटत नाहीत, तिथे. पण मिक्समध्ये ती हवा कापून न टाकता वर आणणारा माणूस क्रेटूच होता. माझं मत तेच आहे.