मदत हवी आहे: घरच्या लाकडी गणपतीला भुंगा लागलाय आणि पाठीला भेगही गेलीय

पडवीवाला

नमस्कार मंडळी,

चतुर्थीला अडीच महिने उरलेत, म्हणून धागा घाईत काढतोय.

आमच्याकडे मातीचा गणपती आणत नाहीत. घरचा लाकडी आहे, पणजोबांच्या आधीपासूनचा. उंची सव्वा फूट, पाटासकट एकाच ओंडक्यातून काढलेला. दरवर्षी चतुर्थीआधी त्याला नवा रंग द्यायचा, पाचव्या दिवशी सुपारी विसर्जनाला न्यायची आणि देव परत देवघरात. आधी आजोबा रंगवायचे, मग काका. तेलरंगाचे किती थर चढलेत ते त्या देवालाच ठाऊक. लहानपणी सोंडेवरची नक्षी माझ्या बोटाला लागायची, आता लागत नाही. जानवं तर रंगात पार बुडालंय.

दोन वर्षांपूर्वी आई सिंधुदुर्गातलं घर बंद करून पुण्याला आमच्याकडे आली, देवही आले. मी हौसेने काचेचं कपाट करून घेतलं, आत दोन पिवळे दिवे लावले. गेल्या वर्षी मार्चमध्ये पाठीवर मानेपासून पाटापर्यंत भेग दिसली. ओळखीच्या सुताराला बोलावलं, त्याने भुसा आणि गोंद कालवून ती गच्च भरली, वरून घासून गुळगुळीत करून दिली. यंदाच्या उन्हाळ्यात भरावाच्या कडेने भेग पुन्हा उघडली, आणि आता आधीपेक्षा मोठी आहे. करंगळीचं नख आत जातं.

त्यात गेल्या आठवड्यात आईला पाटाखाली पांढरं पीठ दिसलं. तिला वाटलं रांगोळी सांडली. बोटावर घेतलं तर पावडरसारखं मऊ. उजव्या खांद्यावर आणि कानामागे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. अकरा मोजली.

घरात तीन पक्ष पडलेत. काका म्हणतात, कॉस्टिक सोड्याने सगळा रंग उतरवून पॉलिश मारू, लाकूड झळकलं पाहिजे. आई म्हणते, देव थकलो, नवो करून घेवया. चुलतभाऊ म्हणतो, अँटिक आहे, कुणी हात लावू नका, आणि त्याने मनातल्या मनात किंमतही काढून ठेवलीय. मला एवढंच कळायला हवंय की देव वाचेल का आणि सुरुवात कुठून करू.

करवतकाठी

आधी तळाचा फोटो टाका. वरून कितीही फोटो काढलेत तरी रंगच दिसणार.

हळदकुंकू

आमच्या झोपाळ्याला असाच भुंगा लागला होता. घासलेट ओतलं, गेला. कडुलिंबाचं तेल चोळलंत तरी चालेल, देवाला वासही बरा.

पडवीवाला

तळाचा फोटो टाकलाय. तळाला रंग नाही. लाकूड पिवळट तपकिरी. वर्तुळं स्पष्ट दिसतात आणि त्यांचा मध्य देवाच्या डाव्या मांडीखाली येतो. उजव्या कडेला दोन बोटं रुंदीचा फिकट पट्टा आहे. मागची भेग थेट त्या मध्यापर्यंत गेलीय.

करवतकाठी

मग तुमच्या दोन्ही दुखण्यांचं मूळ त्या एका फोटोत आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या पटाशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रंगावरून मला तरी फणस वाटतो. कोकणात देवासाठी फणस नवीन नाही. आरवलीच्या वेतोबाची मूर्ती आता पंचधातूची आहे, पण आधी फणसाच्या लाकडाचीच होती. शिवणीचं लाकूड असतं तर एवढं पिवळं दिसलं नसतं. सावंतवाडीची जुनी खेळणी ज्या पांगाऱ्याची, तो तर हातात घेतल्यावर रिकाम्या खोक्यासारखा हलका लागतो.

तुमचा देव अख्ख्या ओंडक्यातून काढलाय आणि झाडाचा मध्य आतच राहिलाय. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडे आकसतं. हा ताण कुठेतरी सुटावाच लागतो आणि तो सालीपासून मध्यापर्यंत सरळ भेग पाडून सुटतो. म्हणून जाणता कारागीर ओंडका उभा फाडून मध्य काढून टाकतो, नाहीतर मूर्ती पाठीमागून पोकळ करतो. तुमच्या कारागिराने दोन्ही केलं नाही, पण कोकणातल्या दमट हवेत त्याचं निभावून गेलं. पुण्याचा उन्हाळा, बंद काच आणि वर दिवे, म्हणजे तुम्ही त्याला भट्टीतच ठेवलात.

सुताराने केलेलं दाराला चाललं असतं, देवाला नाही. भेग उन्हाळ्यात सर्वांत रुंद असते तेव्हा ती घट्ट भरली की पावसात लाकूड फुगतं, भरावाला रेटतं, कडा चिरडतात. पुढच्या उन्हाळ्यात आकसलं की चिरडलेल्या कडांपाशी नवी फट. पाचर ठोकल्यासारखंच झालं ते.

आणि तो फिकट पट्टा म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड. त्यात पिष्ट असतं, भुंग्याच्या अळीला तेच हवं. गाभा ती सहसा सोडते. तुमची अकराही भोकं उजव्या बाजूला आहेत ना? पट्टाही उजवीकडेच आहे.

पडवीवाला

अहो, खरंच! डाव्या बाजूला एकही भोक नाही. हे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. दिवे काढले, काचेचं दार उघडं ठेवलंय.

मोडीवाचक

आईंच्या "नवो करून घेवया"ला आधार आहे, म्हणून लिहितो. भागवतात मूर्तीचे आठ प्रकार सांगितलेत, त्यात दगडाच्या लगेच पाठोपाठ लाकडाची येते. पण लाकूड कायमचं टिकेल असं कुणीच धरून चाललेलं नाही. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती कडुलिंबाच्या. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो तेव्हा त्या नव्या घडवतात. शेवटचं नवकलेवर 2015 साली झालं, त्याआधीचं 1996 साली. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातच पुरतात. अग्निपुराणात जीर्ण लाकडी मूर्ती अग्नीला द्यावी आणि दगडी पाण्यात सोडावी असं आहे.

याच्या अगदी उलट कांचीपुरमचा अत्ती वरदर, म्हणजे विष्णू. उंबराच्या लाकडाची मूर्ती, देवळाच्या तळ्यात पाण्याखाली असते आणि 40 वर्षांतून एकदा बाहेर काढतात. 1979 साली काढली, मग 2019 साली 48 दिवस दर्शनाला होती. सतत पाण्यात बुडालेल्या लाकडाला भुंगा लागत नाही. लाकडाला मारतं ते ओलं-सुकं, ओलं-सुकं.

(देव बादलीत ठेवू नका. आमच्याकडे एकाने विचारलं होतं, म्हणून सांगतोय.)

जतनवाली

मी संग्रहालयात लाकडी वस्तूंवरच काम करते. जरा लांबेल.

काकांना आज, आत्ता फोन करा आणि कॉस्टिक थांबवा. कॉस्टिक लाकडात मुरतं, पूर्ण धुऊन निघत नाही, पुढे रंग धरत नाही आणि रेषा भुसभुशीत होतात. पॉलिशपेपरही नको. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. शंभर वर्षांचे थर घरात घासून ती धूळ सगळ्यांच्या नाकात कशाला? शिवाय तळाच्या थरात लाखेचं किंवा जुन्या मातीरंगांचं काम असेल तर तेही वरच्या तेलरंगाबरोबर गटारात जाईल.

घासलेट आणि तेल नको. रंगाच्या थरातून ते आत पोचतच नाही, पोचलं तर डाग पडतो, वर धूळ चिकटते, आणि समईपासून वीतभर अंतरावर घासलेट प्यायलेलं लाकूड ठेवायचं म्हणजे... असो.

आता काय करायचं. भुंगा अजून आत आहे की जुनंच पीठ गळतंय, हे पहिलं बघा. देवाखाली काळा कागद घाला, भोकांवर पातळ मेण लावा, रोज बघा. मेणाला नवं भोक पडलं किंवा कागदावर नवं पीठ आलं तर किडा जिवंत आहे. पीठ मऊ असेल तर भुंगा. खसखशीसारखे दाणे असतील तर ती लाकडातली वाळवी, तिचा इलाज वेगळा. मातीच्या नळ्या दिसल्या तर देवाआधी भिंत तपासा.

भेगेच्या दोन्ही कडांना तळाशी पेन्सिलीचा एकेक ठिपका द्या आणि दर रविवारी अंतर मोजून लिहून ठेवा. भेग हलते आहे तोवर भरायची नाही.

किडा जिवंत निघाला तर एक उपाय थंडीचा. मूर्ती प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट गुंडाळायची, उणे 18 ते 20 अंशांत दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर लाकडावर दव धरतं. पण तुमच्याकडे रंगाचे जाड थर आहेत, ते थंडीत उकलू शकतात. म्हणून हे घरी करू नका, आधी कुणी जाणत्याने रंग तपासायला हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-जतन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची जतनाची प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेचीही केंद्रं आहेत. फोटो पाठवून विचारा.

चुलतभावासाठी: मूर्ती शंभर वर्षांवरची असेल तर 1972 च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते. लाकडी शिल्पांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि देशाबाहेर नेता येत नाही.

पडवीवाला

ताई, मनापासून आभार. आईला फ्रीजरचं सांगितलं. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "देवाक सुरमयेच्या बाजूक ठेवतलंस?"

हळदकुंकू

घासलेट मागे घेतलं. झोपाळ्यावर मात्र ठाम.

करवतकाठी

आईंचं ऐकून नवा करायचाच झाला तर घाईने चतुर्थीच्या आत नको. ओलं लाकूड आज कोराल, दोन वर्षांत पुन्हा इथेच धागा काढाल. वाळलेलं, मध्य काढलेलं, कोवळा पट्टा तासून टाकलेलं लाकूड बघून घ्या. कारागिराला प्रमाण विचारा: गणपती साधारण पाच तालांचा धरतात, एक ताल म्हणजे बारा अंगुळं. जो नुसता कॅटलॉग पुढे करतो त्याच्याकडून शोपीस घ्या, देव नको. आणि डोळे शेवटी, तेही तुमच्या घरच्यांसमोर.

पडवीवाला

सहा आठवड्यांनी अपडेट.

पेन्सिलीच्या ठिपक्यांमधलं अंतर जूनमध्ये 9 मिलिमीटर होतं, काल 6 भरलं. मी भेगेत भरलं काहीच नाही, फक्त काच उघडी आणि बाहेर पाऊस. काळ्या कागदावर पहिल्या आठवड्यात दोन भोकांचं पीठ आलं आणि कानामागच्या मेणाला एक नवं भोक पडलं, म्हणजे किडा जिवंत होता. फोटो पाठवले, मग मूर्ती घेऊन एका जतनकाराकडे गेलो. त्यांनी फ्रीजरऐवजी प्राणवायू शोषणाऱ्या पुड्यांसकट बंद पिशवीत ठेवायचं ठरवलं. देव सध्या तिथे आहे. आई रोज संध्याकाळी रिकाम्या पाटासमोर दिवा लावते.

पाठीवर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, त्यांनी नखाएवढ्या जागेतले थर एकेक करून उघडले. मला भिंगातून दाखवलं. वरून गुलाबी, मग केशरी, पुन्हा गुलाबी, एक हिरवट (हा काकांचा, त्या वर्षी दुकानात दुसरा रंग नव्हता म्हणे), असे तेवीस मोजले. सगळ्यात खाली पांढरी खळ आणि तिच्यावर लाल, अजून ओला वाटावा असा. काकांना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला नाही, पण कॉस्टिकचा डबा दुकानात परत केल्याचं काकूंनी सांगितलं.

नवा देव करायचा विषय आईने सध्या बाजूला ठेवलाय. पण चतुर्थीला रंग द्यायचाच, हा तिचा हट्ट आहे. न रंगवलेला देव तिने कधी पुजलाच नाही. तर शेवटचा प्रश्न: जुन्या थरांना धक्का न लागता निदान डोळे आणि गंध तेवढं रंगवता येईल का?

जतनवाली

येईल. तेलरंग नको. तुमच्या जतनकारांना आधी वर पुसून निघेल असं पातळ वार्निश लावायला सांगा आणि त्यावर जलरंगाने डोळे व गंध काढा. पुढच्या वर्षी ओल्या बोळ्याने तेवढंच निघतं. ब्रश आईंच्या हातात द्या.

पडवीवाला

तिला सांगितलं. हात कापतो म्हणाली, पण ब्रश कुठला आणायचा तेही तिनेच सांगितलं. फोटो चतुर्थीनंतर टाकतो.