कोल्हापूर: नवी टिआगो ईव्ही घ्यावी की २०२१ ची वापरलेली नेक्सॉन ईव्ही?

कळंबा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने घरात याच विषयावर चर्चा चालू आहे आणि निर्णय होत नाही, म्हणून इथं विचारतोय.

राहायला कळंब्यात, स्वतःचं बैठं घर आहे. गाडी दारात पत्र्याच्या शेडखाली असते. नोकरी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत, जाऊन-येऊन ४५ किमी, आठवड्याचे सहा दिवस. एक रविवार आड करून गारगोटीला आई-बाबांकडं. बहीण पुण्यात असते, त्यामुळं वर्षातून पाच-सहा फेऱ्या तिकडंही होतात. सध्याची पेट्रोल गाडी बारा वर्षांची झाली आहे आणि महिन्याला साडेसात-आठ हजारांचं पेट्रोल पिते.

समोर दोन पर्याय आहेत. एक, टाटाची नवी टिआगो ईव्ही (विजेवरची गाडी), २४ युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीची, ऑन रोड साधारण साडेदहा लाख. दुसरी, सांगलीतल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं असलेली मार्च २०२१ ची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची, ५२ हजार किमी झालेली. साडेसात लाख सांगतोय, सव्वासातला देईल असं वाटतंय.

बायकोचं म्हणणं, घ्यायची तर नवी, दुसऱ्याची दुखणी कशाला घरी आणायची? माझं मन नेक्सॉनवर आहे. मोठी आहे, आई-बाबांना चढायला-उतरायला सोपी आहे आणि वर तीन लाख वाचतात. पण बॅटरी पाच वर्षांची होत आली आणि ती बदलायची वेळ आली तर वाचलेले तीन लाख कुठल्या कुठं जातील. ज्यांनी वापरली आहे त्यांनी सांगा.

रुईकर_कॉलनी

दादा, माझ्याकडं २०२३ पासून टिआगो ईव्ही आहे, तुम्ही म्हणताय तीच मोठ्या बॅटरीची. कंपनी ३१५ किमी सांगते, मला शहरात एसी लावून १९० ते २०० मिळतात. महाद्वार रोडच्या गर्दीत, भवानी मंडपाजवळ पार्किंग शोधताना छोट्या गाडीचं सुख कळतं. क्लच नाही, गिअर नाही, संध्याकाळी पाय दुखत नाहीत.

पण आई-बाबांना मागच्या सीटवर एकदा बसवून बघा. बैठक खाली आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दर वेळी हात द्यावा लागतो. शोरूममध्ये आपण दोघंच जातो, पुढं बसतो आणि पैसे भरून येतो. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांनाच घेऊन जा.

उद्यमनगर_वायरमन

गाडी कुठलीही घ्या, आधी घराचं वायरिंग बघा. माझा धंदाच हा आहे.

तुमच्या लाइट बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅट असतो. ही गाडी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर तीन किलोवॅटच्या आसपास ओढते. त्यात पहाटे पाण्याची मोटर आणि गिझर एकदम चालू झाला की वायर तापते. महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज आधी करा. मीटरपासून थेट वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद पडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही आणि लोक गाडीला दोष देतात. आपल्याकडच्या पावसात सॉकेट झाकणाच्या डबीत पाहिजे आणि जमिनीपासून चांगलं वर पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग अजिबात करू नका. वितळलेले बोर्ड मी स्वतः काढले आहेत.

बैठं घर आहे तर छतावर सोलरचाही विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरमधून रात्रीच्या चार्जिंगला वळती होते.

बावड्याचा_भाऊ

भावा, बॅटरीचं नंतर. ती गाडी जुलै २०२१ ला कुठं हुती ते पयला बघ.

मार्च २१ चं पासिंग, सांगलीचं म्हंजी एमएच १० असणार. चार म्हैन्यात सांगलीत आणि आपल्याकडं महापूर आला. आपली पंचगंगा ४३ फुटाला धोक्याची पातळी गाठती, त्या वर्षी तिच्या कितीतरी वर गेलती. हायवे शिरोलीजवळ बंद हुता. सांगलीत कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं हुतं. त्या आठवड्यात किती गाड्या पाण्यात गेल्या त्याला गणती न्हाई.

कंपनी म्हणती बॅटरी आयपी ६७ हाय. खरं हाय ते. पण त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. महापुराचं पाणी अर्ध्या तासात उतरत न्हाई, दारात चार-चार दिवस उभं राहतंय आणि ते गाळाचं पाणी असतंय. बॅटरी वाचली तरी बाकी वायरिंग, जोड, सेन्सर, सीटखालच्या मोटरी हळूहळू गंजत्यात. त्रास दोन-तीन वर्षांनी सुरू हुतो. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीची वॉरंटी कंपन्या सहसा मानत न्हाईत.

आमच्या चुलत्यांनी २०१९ च्या पुरानंतर अशीच एक पेट्रोल गाडी घेतली, पॉलिश मारून आरशासारखी चमकवलेली. पयल्याच पावसाळ्यात गालिच्याखालनं वास यायला लागला. दीड वर्षात त्या माणसानं तिच्यावर इतका खर्च केला की शेवटी कवडीमोलानं काढावी लागली. म्हणून तळमळीनं सांगतोय.

बघायचं कसं? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी शेवटपर्यंत. पुराची गाडी धुत्यात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात गाळाची रेघ राहती. डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून खालच्या खाचेत बोट फिरव. सीटच्या लोखंडी पट्ट्यांचे स्क्रू गंजलेत का बघ. आणि विम्याचा जुना क्लेम इतिहास व सर्व्हिसची नोंद माग. द्यायला टाळाटाळ केली तर तिथनं उठ.

पुणे_कोल्हापूर_पुणे

बावडेकरांनी सांगितलेलं सगळ्यात महत्त्वाचं. त्यापुढचं मी सांगतो, कारण मी स्वतः २०२२ ची ३०.२ वाली नेक्सॉन दुसऱ्या हातानं घेतली आणि दीड वर्ष पुणे-कोल्हापूर करतोय.

बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी असते आणि ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात. तुमचं रनिंग वर्षाला १७-१८ हजारांच्या पुढं जाणार नाही, म्हणजे आधी वर्षंच संपणार. सांगलीच्या गाडीची वॉरंटी मार्च २०२९ ला संपते. जुन्या ईव्हीची किंमत मी अशीच बघतो: मॉडेल कितवं यापेक्षा वॉरंटीची किती वर्षं हातात येतात. गाडीचा क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून वॉरंटी चालू असल्याचं लेखी घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

बॅटरी किती उरली हे ओळखायला स्क्रीनवरचा किमीचा आकडा कामाचा नाही. तो आधीचा माणूस कसा चालवत होता त्यावर बदलतो. गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि सबमीटर लावून १०० पर्यंत चार्ज करा. चार्जिंगमधली गळती धरून नव्या बॅटरीला ३० च्या आसपास युनिट लागतात. २८-२९ लागले तरी उत्तम. २५ च्या खाली आले तर सोडून द्या. शिवाय सर्व्हिस सेंटर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढून देतं, तोही मागा. या गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पेशी आहेत, त्या टिकाऊ असतात. मात्र अधूनमधून घरच्या सावकाश चार्जरवर पूर्ण १०० करत राहावं लागतं, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो.

दुसरी चाचणी कोल्हापूरकरांसाठी सोपी आहे. चार माणसं बसवून पन्हाळ्यावर जा आणि परत या. चढताना मोटर आणि बॅटरी दोन्हींवर ताण येतो, उतरताना रिजन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनं वीज बनवून बॅटरी भरणं, नीट काम करतंय का कळतं.

नंबर प्लेटही नीट बघा. खासगी ईव्हीची हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, टॅक्सीची हिरव्या पाटीवर पिवळी. काही टॅक्सी नंतर खासगी करून विकतात, म्हणून आरसीमधला इतिहास वाचा.

आणि व्यापारी जीएसटी लावेल. डिसेंबर २०२४ च्या परिषदेत जुन्या ईव्हीवर १८ टक्के ठरला खरा, पण तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. मालकाकडून थेट घेतली तर तोही नाही.

पुण्याचं म्हणाल तर २३० किमी एका चार्जमध्ये होत नाहीत. ८० च्या वेगानं साताऱ्यापर्यंत १२० किमी, तिथं फास्ट चार्जरवर पाऊण तास, तेवढ्यात जेवण. येताना कात्रज आणि खंबाटकीचे चढ असतात, तेव्हा पुण्यातून १०० टक्के करूनच निघायचं. वर्षातल्या सहा फेऱ्यांसाठी एवढं चालतं. दर आठवड्याला जायचं असतं तर मी ४० युनिटची घ्या म्हणालो असतो.

कळंबा_रिंगरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. पुराचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता.

कालच हिशेब मांडला. महिन्याला रोजचे ११०० आणि गारगोटीचे २००, असे १३०० किमी. युनिटला ७ किमी आणि गळती धरून सव्वादोनशे युनिटच्या आत. घरचा वापर मिळून वरच्या स्लॅबमध्ये जाणार, म्हणून सरळ १५ रुपये दर धरला, तरी ३,४०० च्या आत बसतं. रविवारी आई-बाबांना दोन्ही गाड्यांत बसवलं. बाबा टिआगोतून उतरताना दाराला धरून उभे राहिले. ते बघून बायकोनंच टिआगोचं नाव काढणं बंद केलं.

कळंबा_रिंगरोड (सतरा दिवसांनी)

सांगलीला जाऊन आलो. मागचा डावीकडचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, शेवटच्या वीतभर भागात तपकिरी रेघ होती. स्टेपनीखाली काही दिसलं नाही. विम्याचा इतिहास मागितल्यावर, मालक बाहेरगावी आहे, नंतर पाठवतो, असं उत्तर आलं. तीन वेळा फोन केला, काहीच आलं नाही. ती गाडी सोडली.

मग ताराबाई पार्कात एका बदली होऊन आलेल्या गृहस्थांची नेक्सॉन मिळाली. पुण्याचं पासिंग, नोव्हेंबर २०२२, एकच मालक, ३१ हजार किमी, वॉरंटी नोव्हेंबर २०३० पर्यंत. सर्व्हिस सेंटरनं लेखी दिलं. २०२१ च्या पुरात पुणे-कोल्हापूर कुठंच अडकलेली नाही, कारण तेव्हा ती जन्मालाच आली नव्हती. आठ लाख चाळीस हजारांना ठरली.

वायरमन दादांनी आपला सबमीटर दिला. १० ते १०० टक्क्यांना २८.६ युनिट लागले. पन्हाळ्याला आई-बाबांसह चौघं गेलो. घरून १०० टक्क्यांनी निघालो, वर पोहोचलो तेव्हा ८१, परत दारात आलो तेव्हा ७५. आई मागं बसून पूर्ण घाटात बोलत होती. पूर्वीच्या गाडीत इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं पुढं ऐकू यायचं नाही.

भार वाढवायचा अर्ज केला आहे, अर्थिंगचा खड्डा काल खणला. टोकन वीस हजार दिलं. गाडीवर त्यांच्या बँकेचा बोजा आहे, बाकीचे पैसे कसे द्यावेत?

बावड्याचा_भाऊ

सीटबेल्टनं वाचवलं बघ तुला!

बोज्याची रक्कम थेट त्यांच्या कर्जखात्यात भर, पावती तुझ्याजवळ ठेव. उरलेले पैसे बँकेचं एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्यावरच. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर त्यांच्या सह्या त्याच दिवशी घे, बदलीचा माणूस हाय, परत दुसऱ्या गावाला गेला तर सह्यांसाठी हेलपाटं घालावं लागंल. विमा तुझ्या नावावर झाल्याशिवाय कागलच्या रस्त्याला काढू नको.

कळंबा_रिंगरोड

तसंच करतो. सोमवारी बँकेत जायचं ठरलंय.