लाजवर्द: शब्द फारसी की आपला राजावर्त?

गारगोटी
इंग्रजी अझूर, स्पॅनिश अझुल, रशियन लाझुर, झालंच तर इटलीच्या फुटबॉल संघाचं ‘अझ्झुर्री’ हे नाव, या सगळ्यांचं मूळ फारसी ‘लाजवर्द’, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. लाजवर्द म्हणजे लॅपिस लाझुली, अफगाणिस्तानात बदख्शानमधल्या कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-इ-संगच्या खाणीत सापडणारा निळा खडा. मला हे फारसी मूळ पटत नाही. आपल्या रसग्रंथांत, म्हणजे जुन्या रसायनविद्येच्या ग्रंथांत, याच खड्याला ‘राजावर्त’ म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, रंगद्रव्यांच्या यादीत राजावर्त आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत हा निळा वापरलाय. राजावर्त या शब्दाची फोड करता येते, लाजवर्दची करून दाखवा! र चा ल व्हायला कितीसा वेळ लागतो? शब्द इथून तिकडे गेला, उलट नाही.

मुळाक्षर
फोड होते म्हणून शब्द आपला? तर्क नेमका उलटा हवा. उसना शब्द तोंडात बसेना की माणूस त्याला ओळखीचा आकार देतो. आता राजा + आवर्त म्हणजे काय, राजाचा भोवरा? खड्यात पांढऱ्या रेघा असतात, सोनेरी ठिपके असतात. भोवरा कुठे दिसला तुम्हाला? माल बदख्शानचा, आणणारे व्यापारी इराणी भाषा बोलणारे. नाव मालाबरोबर आलं आणि इथे त्याचं संस्कृत बारसं झालं. अजिंठ्याचा निळाही बाहेरून आलेला, म्हणजे तुमचा पुरावा माझ्याच पारड्यात पडतो.

आगाऊ कार्टं
+१. ‘राजाचा भोवरा’ वाचून चहा सांडला.

पेठेतला
दोघंही एक गोष्ट विसरताय. खडा या दोन्ही शब्दांपेक्षा कितीतरी जुना आहे. इराकमध्ये ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत तो साडेचार हजार वर्षांपूर्वीचा सापडलाय. तिथले प्राचीन अक्कादी लोक त्याला ‘उक्नू’ म्हणत. ग्रीकांचा ‘सॅफेरॉस’ हाही बहुधा हाच, कारण त्यात सोन्याचे ठिपके असतात असं थिओफ्रास्टस हा ग्रीक लेखक लिहितो, आणि आज ज्याला सफायर म्हणतात त्या नीलमात ठिपके कुठले? म्हणजे दोन-अडीच हजार वर्षं खडा सगळीकडे फिरत होता, तरी जो तो त्याला आपल्याच नावाने हाक मारत होता. ‘लाजवर्द’ युरोपात पोचला तो अरबांमुळे. अरबीत लाझवर्द, त्याचं लॅटिन लाझुरियम. तिथून रोमान्स भाषांत (फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरे) जाताना सुरुवातीचा ल लोकांना उपपद (इंग्रजी ‘द’सारखं ‘ल’, ‘ला’) वाटला, म्हणून तो गळाला. लॅटिनमध्ये मात्र तसाच राहिला. श्रेय द्यायचंच तर अरबीला द्या.

रंगारी
मला वाटतं शब्द पसरला तो अंगठीतल्या खड्यामुळे नाही, रंगामुळे. हा खडा नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते. १४०० च्या आसपास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने कृती लिहून ठेवली आहे: भुकटी राळ, मेण आणि तेलात मळायची, गोळा काही दिवस मुरू द्यायचा, मग राखेच्या पाण्यात काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, घाण गोळ्यात राहते. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत उंची, पुढचा फिका फिका होत जातो. इतकी मेहनत, शिवाय माल समुद्रापलीकडचा. तो चित्रांत येशूची आई मेरी हिच्या झग्यालाच लागायचा यात नवल नाही. एवढ्या महाग वस्तूचं नाव ती विकणाऱ्याच्या तोंडचंच चालतं.
अवांतर: १८२८ मध्ये गिमे नावाच्या फ्रेंच माणसाला हाच रंग कारखान्यात बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं. पांढऱ्या धोतराला घालायची निळीची पूड त्याच जातीची.

गारगोटी
पेठेतले म्हणतात अरबी, रंगारी म्हणतात विकणाऱ्याच्या तोंडचं. मग फारसीचं राहिलं काय? फारसीने शब्द फक्त वाहून नेला. तिला मूळ म्हणू नका, हमाल म्हणा.

मुळाक्षर
हमाल हा शब्दही अरबी बरं का! (ह. घ्या.) पण मुद्दा सोडत नाही. कोणत्याही शब्दाच्या मागे मागे गेलं की कुठेतरी धागा तुटतो. हातात असलेलं सर्वांत मागचं टोक ज्या भाषेत, त्या भाषेचा तो शब्द. लाजवर्दचं ते टोक इराणी भाषांत आहे.
आणि संस्कृतचा झेंडा लावायचाच असेल तर जागा चुकलीय तुमची. ‘नीली’, म्हणजे नीळ, घ्या. इथून फारसी ‘नील’, अरबी ‘अन्-नील’, पोर्तुगीज ‘अनिल’ आणि शेवटी रसायनशास्त्रातलं ॲनिलीन. गंमत अशी की तिथे ‘अन्’ हे अरबी उपपद शब्दाला कायमचं चिकटलं, आणि लाजवर्दचा मात्र स्वतःचा ल उपपद समजून उडवला.

गारगोटी
नीली मान्य. वैडूर्य हे रत्नाचं नावही घ्या मग, प्राकृत वेळुरियवरून ग्रीक बेरिल्लोस, आणि त्यातूनच जर्मनांचा चष्मा, ‘ब्रिले’. पण राजावर्त मी सोडणार नाही. टोक हातात असल्याचं म्हणता, तर चित्रसूत्राहून जुना लाजवर्द दाखवा, लिहिलेला, कुठल्याही लिपीत. मग बोलू.